पुस्तक वाचण्याचे यंत्र कसे पारखावे?



भिवंडी म्हटले की डोळ्यांपुढे यंत्रमाग उभे राहतात. अलीकडे मागांच्या जोडीला गोदामेही उभी राहिली आहेत. ॲमेझॉन कंपनीने जून २०१३ मध्ये भारतात आपले घरपोच विक्रीचे दुकान सुरू केले, ते प्रथम पुस्तके आणि चित्रपट घेऊनच. आणि त्या मालासाठी आपले भारतातले पहिले मोठे गोदाम घेतले ते भिवंडीला. ह्याच कंपनीचे 'किंडल' नावाचे पुस्तक वाचण्याचे यंत्र आहे. 'कोबो', 'बुक्स' अशी दुसऱ्यांचीही यंत्रे आहेत. समजा, भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या शाळेने ग्रंथालयाच्या निधीतून असे एक यंत्र घ्यावयाचे ठरविले, तर ते कसे पारखावे, एवढाच आजचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हे वेगळे यंत्र कशाला? फरक पडद्यात आहे. मोबाइलचा पडदा स्वतःच्या उजेडावर दिसतो. ह्या यंत्राचा पडदा कागदासारखा, बाहेरच्या उजेडावर दिसतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण असून त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युत्भार असतो. विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. आणि वीज थांबली तरी कण जागच्या जागी राहतात. म्हणजे वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणूनच एकदा भारित केलेले यंत्र बेताच्या वाचनाला काही आठवडे पुरते. भर उन्हात, ओटीवर बसून वाचले तरी अक्षर पुसट होत नाही. हा पडदा अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या 'ई इंक' कंपनीने विकसित केला. सोनीने २००४ साली जपानात त्याचे वाचनयंत्र काढले, आणि किंडल २००७ मध्ये आले.

पडदा बहुतेक यंत्रांचा सारखाच असतो, एकाच घराण्यातला म्हणा ना. मग किंडल, कोबो आणि बुक्स ह्यांत फरक कशाचा? तो आतल्या आज्ञावलीचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा. माग कितीही नवा असला तरी जॉबरला तो लावता आला नाही तर कापडात दोष येतो. इथेही तसेच आहे. दुकानदार तुम्हाला पडद्याची लांबी-रुंदी आणि साठवणीची क्षमता सांगेल. तुम्ही मात्र तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: आमची लिपी ह्याला नीट लिहिता येते का?

इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. देवनागरीचे तसे नाही. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहावी लागते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. छापखान्यात हे काम खिळे जुळविणारा माणूस करीत असे. यंत्रात ते आज्ञावलीने करावयाचे. तिला ते जमले नाही तर अक्षरे सुटी पडतात, पायमोडकी दिसतात आणि वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते. नवशिक्या वाचकाला असे पान दिले तर त्याचे शुद्धलेखन बिघडेल, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

म्हणून परीक्षा अशी घ्या. एका कागदावर हे शब्द लिहून न्या: कुऱ्हाड, दुसऱ्या, वाङ्मय, दृष्टी, ज्येष्ठ, विद्यार्थी, चिठ्ठी, ॲप. ह्या शब्दांची एक छोटी फाइल करून यंत्रात घाला आणि उघडा. 'कुऱ्हाड' आणि 'दुसऱ्या' ह्यांतला आडवा र मराठीला रोज लागतो. हिंदीला तो लागत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकात तो कधी कधी चुकतो. ल आणि श ही अक्षरेही मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची, ते पाहून घ्या. किंडल आणि कोबो ह्या दोहोंत बाहेरचा टंक घालता येतो, तेव्हा वळण मनासारखे नसेल तर टंक बदलता येईल. पण जोडाक्षर मुळातच तुटत असेल तर टंक बदलून भागेलच असे नाही.

भिवंडीत हा प्रश्न आणखी मोठा आहे. इथे मराठीच्या शेजारी उर्दू आहे, तेलुगू आहे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या दुकानात भारतीय भाषांची पुस्तके आणली, ती हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम ह्या पाच भाषांची. उर्दू आणि तेलुगू त्या यादीत नव्हत्या. उर्दू तर उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिच्या नस्तालिक वळणात अक्षरे तिरपी उतरत जातात. शाळेत तिन्ही घरांतली मुले असतील तर तिन्ही लिप्यांची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत. नाहीतर एका घरच्या मुलांना पुस्तक मिळेल आणि दुसऱ्या घरची मुले नुसती बघत बसतील.

दुसरा प्रश्न: आमची पुस्तके ह्यात उघडतात का?

ई-पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. 'पीडीएफ' म्हणजे छापील पानाचे जणू छायाचित्र. पान मोठे आणि पडदा सहा इंचांचा असला की अक्षर मुंगीएवढे होते. ते मोठे केले तर पान डावी-उजवीकडे सरकवीत बसावे लागते. 'ईपब' मात्र पाण्यासारखे आहे. अक्षर मोठे करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. उतारवयात नजर मंदावलेल्या वाचकाला ही सोय केवढी मोलाची!

अडचण अशी की आपल्याकडे फुकट मिळणारे चांगले मराठी वाङ्मय बरेचसे पीडीएफमध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके अशीच मिळतात. पाठ्यपुस्तकांत रंगीत चित्रे असतात. साध्या यंत्रावर ती काळीपांढरी दिसतील. पीडीएफचे ईपब करण्यासाठी 'कॅलिबर' नावाची आज्ञावली फुकट मिळते. कोविद गोयल ह्या भारतीय तज्ज्ञाने ती २००६ साली सुरू केली. पण मूळ मजकूर युनिकोडपूर्वीच्या जुन्या टंकात जुळविलेला असेल, तर रूपांतरात त्याचा नुसता काला होतो, आणि छायाचित्रित पाने असतील तर हाती मजकूरच लागत नाही. तेव्हा शाळेला मुख्यतः अशी पुस्तके वाचावयाची असतील तर सहा इंचांचे यंत्र घेऊ नये; दहा इंचांचे पाहावे.

कोबो ईपब सरळ उघडतो. किंडलमध्ये ती फाइल कंपनीच्या सेवेमार्फत पाठवावी लागते आणि वाटेत तिचे रूपांतर होते. बुक्सच्या यंत्रात मोबाइलसारखी अँड्रॉइड व्यवस्था असल्याने निरनिराळी ॲपे घालता येतात. पुण्याच्या बुकगंगेची पुस्तके वाचणाऱ्यांना ते सोयीचे. मात्र जितकी ॲपे जास्त, तितकी मांडणी किचकट, आणि विजेचा खर्चही अधिक. नवख्या माणसाच्या हाताला किंडल आणि कोबो लवकर बसतात.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: घेतलेले पुस्तक आमचे राहते का?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क नव्हता, असे कारण निघाले. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण दुकानदार घरात येऊन कपाटातले पुस्तक नेऊ शकतो, हे लोकांना तेव्हा कळले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही कंपनीने बंद केली. पुष्कळ ई-पुस्तकांना असे कुलूप असते, आणि ते इतर कंपन्यांकडेही असते. आपण पुस्तक घेतो असे म्हणतो, पण हाती येतो तो वाचण्याचा परवाना. छापील पुस्तक एक मुलगा वाचून दुसऱ्याला देतो, दहा वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ वाचतो. कुलूपबंद पुस्तकाची तशी देवघेव होत नाही.

मग यंत्र घेऊच नये का? तसे मुळीच नाही. दृष्टी अधू झालेल्या वाचकाला, गावोगाव बदली होणाऱ्या शिक्षकाला, शंभर पुस्तके एका पिशवीत नेऊ पाहणाऱ्याला ते फार उपयोगाचे आहे. मात्र चांगल्या यंत्राला दहा हजारांहून अधिक रुपये पडतात. तेवढ्यात शाळेच्या कपाटात बरीच छापील पुस्तके येतील आणि एका वेळी अनेक मुले वाचतील. यंत्र एका वेळी एकाच्याच हातात राहणार.

म्हणून शाळांना माझे सांगणे असे. आधी किंडल किंवा कोबोचे फुकट ॲप मोबाइलवर घ्या आणि एक मराठी पुस्तक शेवटपर्यंत वाचून पाहा. मग ओळखीच्या कुणाचे यंत्र तासभर मागून आणा, शब्दांचा तो कागद आणि शाळेतली दोन-तीन पुस्तके त्यात घालून पाहा. मुलांच्या लिप्या नीट उमटल्या आणि पुस्तके उघडली, तर एक यंत्र शिक्षकांसाठी जरूर घ्या. त्यावरून वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. त्यात शक्यतो बिनकुलपाची पुस्तके ठेवा आणि त्यांची एक प्रत शाळेच्या संगणकावर जपून ठेवा. छापील पुस्तकांसाठी राखलेला निधी मात्र ह्या कामी वळवू नका.