प्रार्थना ओठावर येते कशी?

चारचौघांत देवाशी बोलायचं म्हटलं की शब्द अडतात. मनात दुःख भरलेलं असतं, पण जीभ उचलत नाही. अशा वेळी गाणं कामाला येतं. आज आपण मराठी चर्चमधल्या प्रार्थनागीतांविषयी बोलू.

विलायती पद्धतीच्या गायनात चार आवाज असतात: बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचेही तसेच. प्रत्येकाची चाल निराळी, पण ती एकमेकांत बसते. त्यासाठी सराव लागतो. शिवाय परक्या चालीत मराठी शब्द कोंबले, तर ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि अर्थ हरवतो.

यावर वाट दाखवली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण अभंग, ओवी, भजन, कीर्तन सोडलं नाही. त्यांनी शेकडो भक्तिगीतं रचली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून ती आजही चर्चमध्ये गायली जातात.

अभंगच का? मोठ्या अभंगाच्या ओळीचे चार तुकडे असतात. पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. म्हणून ओळ ऐकता ऐकता पाठ होते. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून उचलायचं. पेटी, तबला, झांज असली तर उत्तम. नसली तरी टाळी पुरते. वाचता न येणारी बाईही मागे राहत नाही.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळा शिकल्या नव्हत्या. पण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि पतीचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ ओव्यांमध्ये पुरं केलं. जात्यावरची ओवी आपल्यालाही ठाऊक आहे. ती केवढं काम करू शकते, ते बघा!

प्रार्थनागीतांत स्तुती असते, चुकीची कबुली असते, आभार असतात, मागणं असतं. दुसऱ्यासाठी केलेली विनवणीही असते. गाताना आजारी शेजारणीचं दुःख एकटीचं राहत नाही. सगळ्यांचा आवाज ते उचलून धरतो.

धर्म कुठलाही असो, पुढच्या बैठकीत एक करून बघा. जी कधीच बोलत नाही, तिला तिच्या आवडीची एक ओळ म्हणायला सांगा. आणि मागून सगळ्याजणी म्हणा. घाई मात्र करू नका. तिचा आवाज निघेपर्यंत थांबा.