डोंगर, कारखाना, गाव, खाडी

शिरवणे गावाच्या पूर्वेला सायन-पनवेल महामार्ग, महामार्गापलीकडे एमआयडीसी आणि एमआयडीसीच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. पश्चिमेला रेल्वेरूळ, सिडकोचं नेरुळ-जुईनगर आणि सरतेशेवटी ठाण्याची खाडी. डोंगरापासून खाडीपर्यंतचं हे सगळं अंतर पाच-सहा किलोमीटरांचं. सकाळी साडेआठच्या सुमारास गावातून पूर्वेकडे निघालेली माणसं पाहिली, की त्यांच्या हातातले डबे, खांद्यावरच्या सॅक आणि गळ्यातली ओळखपत्रं त्या अंतराची ओळख करून देतात. पूर्वेकडे कारखाने आहेत, पश्चिमेकडे घरं. मधे गाव आहे.

नवी मुंबईचा नकाशा आपण उभा वाचतो. वर ऐरोली, खाली बेलापूर, मधे रेल्वेची स्टेशनं ओळीनं. सरकारी कागद, बिल्डरांच्या जाहिराती, निवडणुकीचे वॉर्ड, सगळे याच क्रमानं चालतात. हे शहर खरं तर आडवं वाचायला हवं, असं मला वाटतं. इथं पाणी वाहतं ते डोंगरावरून खाडीकडे. वारा येतो-जातो तोही याच दिशेनं. कामगारही असाच आडवा चालतो. आणि गेल्या साठ वर्षांत इथं जे बिघडलं, त्यातलं बरंचसं या आडव्या रेषेवर बिघडलं.

कारखाने येण्याआधीचा पट्टाही आडवाच होता. डोंगराच्या पायथ्याला वरकस जमीन, तिच्या खाली भातखाचरं, त्यापुढे खाजण आणि मिठागरं. आगरी शेतकऱ्यानं भरतीचं पाणी अडवायला चिखलाचे बांध घातले होते आणि बांधात उघाड्या ठेवल्या होत्या. भरती आली की उघाडी बंद, ओहोटी लागली की उघडी. डोंगरावरून उतरलेलं पावसाचं पाणी तेवढ्या वेळात खाडीत निघून जायचं. बांध फुटला तर अख्ख्या गावाचं भात खारं व्हायचं, म्हणून बांध राखणं हे एकट्याचं काम नव्हतं. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ, आणि बारमाही खाडीतली बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या. श्रीमंती नव्हती, पण पोट एकाच धंद्यावर टांगलेलं नव्हतं.

पुढे सिडकोनं शहर वसवलं तेव्हा सखल जमिनीवर पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून डच धर्तीचे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची दारं मिटतात, शहराचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. उघाडीचंच हे मोठ्या मापाचं रूप. फरक इतकाच की बांधाची राखण गाव करत होतं, आणि तलावातला गाळ कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीनं काढायचा यावर आता फायली फिरतात. तलावांत तिवरं माजली आहेत, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे आणि गाळ मात्र दर पावसाळ्यात वाढतो आहे.

कारखाने या शहराहून वडील आहेत, हे नवी मुंबईत राहायला आलेल्या अनेकांना माहीत नसतं. मुंबईची कोंडी फोडायची तर ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती न्यावी, असं स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं १९५९ च्या सुमारासच सुचवलं होतं. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झालं. ठाण्याच्या वागळे इस्टेटीपाठोपाठ दिघ्यापासून शिरवण्या-नेरुळपर्यंतची डोंगराच्या पायथ्याची जमीन महामंडळाच्या ताब्यात आली आणि अडीच हजार हेक्टरांहून मोठी ‘ट्रान्स ठाणे क्रीक’ वसाहत उभी राहिली. सगळे तिला टीटीसी म्हणतात. जागा मुंबईला लागून होती, जमीन स्वस्त होती, ठाणे-बेलापूर रस्ता होता. पाणी पुढे बदलापूरजवळच्या बारवी धरणातून आलं. आणि सांडपाणी सोडायला खाडी होती. हे शेवटचं कारण त्या काळच्या कागदांत ठळक अक्षरांत लिहीत नसत, पण रासायनिक कारखान्यासाठी जागा निवडणाऱ्याच्या मनात ते असायचंच.

मफतलाल समूह आणि शेल यांच्या नोसिलचा नाफ्था क्रॅकर १९६८ मध्ये सुरू झाला. देशातल्या पहिल्या काही क्रॅकरांतला तो एक. त्याच्यातून निघणाऱ्या इथिलीनवर शेजारी पॉलिओलेफिन्स चाले; पलीकडे हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कली असे रसायनांचे कारखाने जमले. उत्तरेला कळवा-ऐरोलीकडे सीमेन्स, भारत बिजली यांच्यासारखे वीज-यंत्रसामग्रीचे कारखाने. तुर्भ्याकडे फायझर, बीएएसएफ, लुब्रिझॉल. कोकणपट्टीतल्या भातशेतकऱ्याच्या शेजारी दहा वर्षांच्या आत जगातल्या बड्या कंपन्यांच्या पाट्या लागल्या. रात्री क्रॅकरची ज्वाळा दूरवरून दिसायची, असं जुने लोक अजून सांगतात.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या पूर्वेला जुळं शहर वसवण्याची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली ती १९६५ मध्ये. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. म्हणजे नियोजनकारांनी कोऱ्या कागदावर रेघा मारल्या असं जे सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. कागदाच्या पूर्व कडेला कारखान्यांचा पट्टा आधीच छापलेला होता. मग घरं पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, हे जवळपास ठरूनच गेलं.

या मांडणीत एक गोम आहे. दिवसा खाडीकडून डोंगराकडे वारा वाहतो. कारखान्यांची हवा वस्तीपासून दूर, डोंगराच्या दिशेनं ढकलली जाते. रात्री उलटं होतं. डोंगराच्या अंगावरची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली, वस्तीकडे सरकते. हिवाळ्यात तर जमिनीलगत गार हवेचा थर बसला की वरची ऊब झाकणासारखी काम करते आणि धूर त्याखाली अडकून राहतो. वाशी-कोपरखैरण्याकडे उग्र वास रात्री नि पहाटे येतो, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. लोक म्हणतात, अंधाराचा फायदा घेऊन कंपन्या वायू सोडतात. काही सोडतही असतील. पण त्या वासाला वस्तीत आणणारा वारा मात्र नियमानं दर रात्री येतो, आणि त्याची नोंद घेऊन कारखान्यांची पाळी कोणी ठरवलेली नाही. डोंगर आहे म्हणून निसर्गसौंदर्य, एवढंच आपण जाहिरातीत वाचलं.

तमिळनाडूतली औद्योगिक शहरं या बाबतीत आठवतात. सेलम चहूकडून टेकड्यांनी वेढलेलं. कोइमतूरच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे, पण तिला पालघाटची खिंड आहे आणि त्या खिंडीतून वारा मोकळा शिरतो. निलगिरीतल्या पायकाऱ्याची वीज १९३० च्या दशकात खाली आली आणि कोइमतूरच्या कापडगिरण्या वाढल्या. डोंगरानं तिथं वीज दिली. पारसिकनं काय दिलं, तर दगड.

हा बेसाल्ट काळा, कठीण, बांधकामाला उत्तम. तुर्भे, पावणे, शिरवणे, नेरुळ या बाजूंनी डोंगराच्या कुशीत खदानी उघडल्या. जमिनी गेलेल्या गावकऱ्यांना चरितार्थ म्हणून खाणींचे पट्टे मिळाले. फोडायला वडार आणि परगावची मजूर कुटुंबं आली. सुरुंग उडायचा, मग काही वेळ शांतता, मग क्रशरची घरघर. सहा चाकी, दहा चाकी डंपर खडी भरून खाली उतरायचे आणि रस्त्यालगतच्या झाडांच्या पानांवर राखाडी पीठ चढायचं. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या इमारतींच्या स्लॅबांत याच डोंगराची खडी आहे. पर्यावरण परवानगीच्या प्रश्नावरून खाणी पुढे बंद पडल्या, तेव्हा प्रकल्पग्रस्त खाणमालकांनी आम्हाला दुसरं काय दिलंत, असं विचारलं. त्या प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं. पण महामार्गावरून पूर्वेला पाहिलं की डोंगराच्या अंगावर उभे चिरे पडलेले दिसतात. त्या चिऱ्यांवर झाड धरत नाही, आणि खाली उतारावर झोपड्या आहेत.

पाण्याची कथा वेगळी नाही. डोंगरावरून उतरणारे ओढे आधी एमआयडीसीतून जातात, मग महामार्गाखालून वस्तीत येतात आणि शेवटी खाडीला मिळतात. एकेकाळी त्यांचा रंग पाहून कारखान्यात त्या दिवशी काय शिजतंय ते सांगता येत असे. १९९० च्या दशकात पावण्याला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं. कारखान्यांनी आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करायची आणि पुढचं पाणी केंद्राकडे पाठवायचं, अशी पद्धत बसली. मोठे कारखाने बहुतेक पाळतात. चोरून टँकर रिकामा करणाऱ्यांच्या बातम्या मात्र अजून येतात. गंमत अशी, की याच खाडीत आता हजारो फ्लेमिंगो उतरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. शहराच्या सांडपाण्यानं वाढणारं शेवाळ हे त्यांच्या मुबलक खाण्याचं एक कारण असावं, असं अभ्यासक म्हणतात. कोळ्याच्या जाळ्यातली घटलेली मासळी आणि फोटोत गुलाबी दिसणारी खाडी, दोन्ही एकाच पाण्यातून आली आहेत.

कामगारांचा पट्टा म्हणून या भागाचा ऐंशीच्या दशकात दरारा होता. डॉ. दत्ता सामंतांच्या संघटनेचं इथं बळ होतं. पुढे बोनकोड्याच्या गणेश नाईकांनी श्रमिक सेना बांधली आणि कामगार संघटनेतूनच मंत्रिपदापर्यंतची वाट काढली. गेटसभा, पगारवाढीचा करार, बोनस, ‘पर्मनंट’ होणं या त्या काळातल्या आयुष्याच्या पायऱ्या होत्या. लग्नाच्या बोलणीत कंपनीचं नाव विचारलं जायचं. सातारा-कोल्हापूर-खानदेशातून आलेल्यांनी त्या पगारावर सिडकोची घरं घेतली. जमीन देणाऱ्या गावांतल्या पोरांपैकी काहींनाच कायम नोकरी मिळाली. ‘शिक्षण कमी’ हे कारण सांगितलं जाई, आणि जमीन घेताना ती अट कोणी काढली नव्हती.

१९९१ नंतर आयातीवरचा कर उतरत गेला. रिलायन्सचा हजिराचा क्रॅकर वर्षाला साडेसात लाख टन इथिलीनचा. नोसिलचा एक लाख टनांहूनही कमी. हिशेब तिथंच संपला. क्रॅकर बंद झाला; नोसिल रबर रसायनांत तगली. व्हीआरएसचे धनादेश वाटले गेले. त्याच रस्त्यावर महापे-घणसोली-ऐरोलीला मिलेनियम बिझनेस पार्क, रिलायन्सचं कॉर्पोरेट पार्क, माइंडस्पेस उभी राहिली, आणि आता डेटा सेंटरं येत आहेत. समुद्राखालच्या केबली मुंबईत येतात, वीज भरवशाची आहे आणि औद्योगिक भूखंड तयार आहेत, ही त्यांची कारणं. कारखान्याची चिमणी गेली, जनरेटर आले.

शिरवण्याच्या बाजूला हा बदल तितका झगझगीत नाही. महामार्गाकडे तोंड असलेल्या भूखंडांवर मोटारींच्या शोरूम आहेत, पण मागच्या गल्ल्यांत गाळ्यांचं राज्य आहे. एका शेडमध्ये लेथ, शेजारी पॅकिंग, पुढे पावडर कोटिंग, त्यापुढे फार्माचं जॉबवर्क. शटर अर्धं उघडं, दारात लोखंडाच्या सोनेरी-निळ्या वेटोळ्या कातरणीचं पोतं, आत ऑइलचा वास. मालक बऱ्याचदा एखाद्या मोठ्या कंपनीत टूलरूमला काढलेली वर्षं सांगतो. मोठ्या कारखान्यांनी कामगार तयार केले आणि नंतर त्यांना सोडलं. त्यातल्या काहींनी गाळे घेतले. माझ्या मते टीटीसीची खरी शिदोरी हीच, आणि ती कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

गावाकडे वळू. नवी मुंबईसाठी ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावं घेतली गेली. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना १९९० मध्ये आली, १९९४ मध्ये सुधारली गेली. पण ती सिडकोसाठी गेलेल्या जमिनींची. साठच्या दशकात एमआयडीसीकडे गेलेल्या जमिनीचा हिशेब त्या योजनेत बसत नव्हता. ज्याचं शेत महामार्गाच्या पश्चिमेला त्याला भूखंड, ज्याचं पूर्वेला त्याला जुनी नुकसानभरपाई. भावाभावांत आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत या रेषेनं जी तफावत पाडली, ती आज गावातल्या घरांच्या उंचीवरून ओळखू येते.

गावठाण तेवढंच राहिलं, कुटुंबं वाढली. परसात खोली चढली, खोलीवर मजला, मजल्यावर आणखी दोन. कागदावर ही ‘गरजेपोटीची घरं’. ती नियमित करण्याचे निर्णय अनेकदा जाहीर झाले, पण अजून पुरते मार्गी लागलेले नाहीत. दोन इमारतींत हात घालता येणार नाही इतकं अंतर, डोक्यावर केबलचं जाळं, तळमजल्यावर किराणा, मोबाइलचं दुकान आणि खानावळ. वरच्या खोल्या भाड्यानं. भाडेकरू म्हणजे एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, शोरूममधली पोरं. दहा बाय दहाच्या खोलीत तिघे-चौघे, पाळीप्रमाणे आळीपाळीनं झोपणारे. सिडकोच्या घराचं भाडं त्यांना झेपत नाही आणि एमआयडीसीनं त्यांच्यासाठी घरं बांधली नाहीत. ती उणीव गावांनी भरून काढली आणि त्यातून गावांचा संसार चालू राहिला. भात, मीठ आणि मासळीच्या जागी भाडं आलं.

तेव्हा गावात चर्चा असते ती पूर्वेकडच्या भूखंडांची. कुठला गाळा बंद झाला, कुठली शेड पाडून काय येणार. रसायनांचा कारखाना शेजारी नको, हे सगळ्यांनाच पटतं. पण शंभर-दोनशे माणसं लागणारी शेड जाऊन तिथं मूठभर माणसांवर चालणारं डेटा सेंटर आलं, तर वरच्या खोल्यांत राहणार कोण, हा सवाल घरमालक उघडपणे विचारतात. तूर्त शिरवण्याला छोट्या गाळ्यांचा शेजार आहे. खोल्या भरलेल्या आहेत आणि अनामत रक्कम वाढलेली आहे.