गाडी उंच केली, पण चाकांचे काय?

गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे यांवर गाडीचे पोट घासते, म्हणून अनेक जण स्प्रिंगांत रबरी बफर बसवून गाडी उंच करून घेतात. उपाय सोपा दिसतो. पण उंचीबरोबर पुढच्या चाकांचे कोनही बदलतात. ते कसे, हे आपण पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, ३० सेंटिमीटरची पट्टी कागदावर आडवी ठेवा आणि तिचे एक टोक बोटाने पक्के धरा. दुसरे टोक ३ सेंटिमीटर खाली फिरवा. ते सुमारे दीड मिलिमीटर आत सरकते. ६ सेंटिमीटर खाली नेले, तर ६ मिलिमीटर सरकते. म्हणजे उतार दुप्पट, पण सरकणे चौपट!

मारुती ८०० सारख्या गाड्यांत चाक वरून स्ट्रटने आणि खालून एका आर्मने धरलेले असते. हा आर्म म्हणजे आपली पट्टी. गाडी उंच झाली की आर्मचा उतार वाढतो, चाकाचा तळ आत ओढला जातो आणि माथा बाहेर झुकतो. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. माथा बाहेर झुकला की टायरची बाहेरची कड लवकर झिजते.

चाक वळवणारा टाय रॉडही असाच फिरतो. पण त्याची लांबी व जागा वेगळी असल्याने तो आर्मइतकाच आत सरकेल असे नाही. म्हणून स्टिअरिंग सरळ असूनही चाके किंचित आत किंवा बाहेर वळलेली राहतात. हा टो. एक अंश तिरके चाक दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवे घासते!

तिसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसाच चाक वळण्याचा आसही मागे कललेला असतो. गाडीची फक्त मागची बाजू उचलली, तर हा कल कमी होतो आणि वेगात गाडी सरळ धरणे अवघड जाते.

पालकांनी हा केवळ टायरच्या खर्चाचा प्रश्न समजू नये. झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर पाणी नीट बाहेर फेकत नाही आणि गाडी घसरते. त्याच गाडीत आपली मुले बसलेली असतात.

म्हणून पोट घासू लागले, तर स्प्रिंगा बसल्या आहेत का, हे आधी तपासून घ्यावे. उंची बदललीच, तर टायरमधली हवा योग्य ठेवून व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. मात्र अनेक छोट्या गाड्यांत पुढचा फक्त टो जुळवता येतो. बिघडलेला कॅम्बर तसाच राहतो. त्यामुळे कंपनीने ठरवलेली उंची राखणे हेच उत्तम.

महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, पुढच्या टायरच्या दोन्ही कडा पाहाव्यात. एकच कड जास्त झिजलेली दिसली, तर गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. हे काम आपल्या घरातला सातवी-आठवीतला विद्यार्थीही करू शकतो.