आधी आई दाखवा
दिल्ली परिसरातली घरगुती श्वानपैदास : कायदा, फॅशन आणि गिऱ्हाईक

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद इथली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांत, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असलेली मात्र सोडू नयेत, असं तेव्हा ठरलं. त्या पंधरवड्यात राजधानीत मोर्चे निघाले, वाहिन्यांवर जुंपली आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर शेजाऱ्यांचे कायमचे अबोले झाले. सगळा वाद रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्यांचा होता. त्याच शहरांत कोठीच्या बरसातीत म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, बिल्डर फ्लोअरच्या मागच्या बाल्कनीत, शहराकडेच्या एखाद्या शेडमध्ये पैशासाठी मुद्दाम जन्माला घातल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा विषय मात्र जवळजवळ निघालाच नाही. वास्तविक या दोन्ही गोष्टींची सीमारेषा फार पुसट आहे. विकली न गेलेली, आजारी निघालेली, पैदाशीतून निवृत्त झालेली किंवा मालकाला जड झालेली ‘जातिवंत’ कुत्रीही शेवटी याच रस्त्यांवर येतात.

दोन भावांचं पिल्लू

दिल्लीत पिल्लू घ्यायचं तर दुकानात जावंच लागतं असं नाही. मोबाइलवर ‘लॅब पपी दिल्ली’ एवढं टाइप केलं की फोटोंची रांग लागते. फोटोखाली ठरावीक शब्द असतात : हेवी बोन, लाँग कोट, पंच फेस, शो क्वालिटी, इम्पोर्ट लाइन. फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘पेपर के साथ लेंगे या बिना पेपर?’ कागदासह भाव वेगळा, कागदाविना वेगळा.

हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. हे ‘पेपर’ म्हणजे चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाचं, अर्थात केसीआयचं नोंदणीपत्र. त्यावर पिल्लाची जात, रंग, जन्मतारीख, मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक, आईबाप आणि मागच्या पिढ्यांची वंशावळ असते. एखाद्या पिल्लाची वंशावळ असेल तर असेल, नसेल तर नसेल. गिऱ्हाईक किती पैसे मोजतं यावर त्याचे आजी-आजोबा कसे ठरणार? एकाच पिल्लाला दोन भाव सांगितले जातात तेव्हा कागद आणि पिल्लू यांचा संबंध तपासून पाहिलेलाच बरा. शिवाय कागद खरा असला, तरी तो वंश सांगतो, आरोग्य नव्हे. आईच्या खुब्याचा एक्स-रे काढला होता का, तिचं हे कितवं वेत, हे त्यावरून कळत नाही.

धंद्याचं गणित सरळ आहे. घरी एक मादी पाळायची. ती माजावर आली की ओळखीतला नर लावायचा. नराचा मालक रोख फी घेतो, नाहीतर वेतातलं आपल्या पसंतीचं एक पिल्लू. सुमारे ६३ दिवसांनी ती विते. लॅब्राडॉरला एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात. महिनाभरात दूध तोडायचं आणि पिल्लं विकायची, कारण त्या वयात ती सर्वांत गोंडस दिसतात आणि त्यानंतर खाण्याचा व लसींचा खर्च सुरू होतो. यात गुंतलेले सगळेच निर्दयी असतात असंही नाही. ‘एकदा तरी तिला आई होऊ द्यावं’ अशा भाबड्या समजुतीने सुरुवात करणारे पुष्कळ असतात. पहिल्या वेताचे पैसे हातात आले की दुसऱ्याचा विचार सुरू होतो.

मादी साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या पहिल्याच माजाला नर लावला आणि पुढे एकही माज वाया जाऊ दिला नाही, तर तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत तिची पाच वेतं झालेली असतात. कायद्याने तिच्या उभ्या जन्मासाठी घातलेली मर्यादाही पाचच वेतांची आहे.

शंभर रुपयांचा कायदा

हो, कायदा आहे, आणि बारकाईने लिहिलेला आहे. न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६१ वा अहवाल दिला, तो पाळीव प्राण्यांची दुकानं आणि कुत्र्यांची व शोभेच्या माशांची पैदास यांच्या नियमनाबद्दलच होता. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राने व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी घातली. मग २३ मे २०१७ रोजी श्वान पैदास व विपणन नियम अधिसूचित झाले. दुकानांसाठीचे नियम २०१८ मध्ये आले.

२०१७ चे नियम वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांच्या केंद्रस्थानी पिल्लू नसून आई आहे. १८ महिन्यांआधी मादीला नर लावायचा नाही. आठ वर्षांनंतर लावायचा नाही. वर्षाला एकच वेत, लागोपाठच्या दोन माजांना नाही, आणि जन्मात पाचाहून जास्त वेतं नाहीत. ती निरोगी असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा. बाप, भाऊ, मुलगा यांच्याशी संकर नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पिल्लाला मायक्रोचिप हवी. ‘ब्रीडर’ या व्याख्येत मोठे केनेलवालेच येतात असं नाही; विक्रीसाठी पैदास करणारी व्यक्ती आणि मधला दलालही येतो. प्रत्येकाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे.

मग अडतं कुठे? एक म्हणजे, बंद घरात कोण डोकावणार? दुकानाला पाटी असते, बरसातीला नसते. दुसरं म्हणजे शिक्षा. हे नियम १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले आहेत आणि त्या कायद्यानुसार नियम मोडल्यास दंड जास्तीत जास्त १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्राण्याला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० मध्ये या रकमेला काही वजन असेल. आज एका पिल्लाच्या किमतीत असे शेकडो दंड भरून होतील. तिसरं कारण म्हणजे कामाची विभागणी. पाळीव कुत्र्याची नोंदणी महापालिकेकडे, ब्रीडरची राज्याच्या मंडळाकडे, आणि देशाचं प्राणी कल्याण मंडळ राजधानीच्या उंबरठ्यावर, हरियाणातल्या बल्लभगडमध्ये. दिल्ली, उत्तर प्रदेश आणि हरियाणा अशा तीन सरकारांच्या हद्दी मेट्रोच्या एका फेरीत ओलांडता येतात. पिल्लू नोएडात जन्मतं, गुरुग्रामच्या पत्त्यावर विकलं जातं आणि दक्षिण दिल्लीत वाढतं. त्याच्या आईची चौकशी कोणत्या सरकारने करायची?

‘डूडल’ची हवा

जुन्या जातींची बाजारपेठ भरली तशी नव्या नावांची आली : लॅब्राडूडल, कॉकापू, माल्टीपू, पोमस्की. गुरुग्रामच्या टॉवरांत आणि दक्षिण दिल्लीच्या कॅफेंत ही नावं आता कानांवर पडतात. यातल्या लॅब्राडूडल या संकराचा इतिहास उद्बोधक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठीच्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना असा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली, त्यांतलं एक हवाईला गेलं. उरलेल्या मिश्र पिल्लांना घर द्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव जाहीर झालं आणि मागणीचा पूर आला. पुढे जगभर नफ्यासाठी सुरू झालेली बेबंद पैदास पाहून कॉनरन यांनी आपल्या या निर्मितीबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

या संकरांबद्दल दोन समजुती विकल्या जातात. पहिली, यांच्यामुळे अॅलर्जी होत नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘अॅलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींच्या केसांत अॅलर्जी करणारं प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी आढळलं नाही, उलट जास्तच सापडलं. दुसरी समजूत, संकर म्हणजे निरोगी. यात अर्धं सत्य आहे. आईबापांचे दोष वेगवेगळे असतील तर संकराचा फायदा होतो. पण लॅब्राडॉर आणि पूडल या दोघांतही खुब्याचा दोष आणि हळूहळू आंधळं करणारा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक विकार आढळतो. दोघंही न तपासता एकत्र आणले तर पिल्लू सुटणार कसं? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची तुलना त्यांच्या मूळ जातींशी केली, तेव्हा बहुतेक विकारांच्या बाबतीत काहीच फरक दिसला नाही.

आपल्याकडे याच्या जोडीला निव्वळ फसवणूकही चालते. गावठी आणि लॅब यांचं पिल्लू ‘प्युअर लॅब’ म्हणून खपतं, स्पिट्झच्या लहान चणीच्या पिल्लाला ‘कल्चर पॉम’ किंवा ‘टॉय पॉम’ म्हटलं की भाव चढतो. ‘टीकप’ म्हणून मिळणारं पिल्लू तर पुष्कळदा नुसतं कमी वयाचं किंवा कुपोषित असतं.

महिनाभरात पिल्लू विकण्याच्या घाईची पहिली किंमत पिल्लूच मोजतं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असताना आणि लस पुरती लागू पडायच्या आधी त्याची घरं बदलतात. त्याच सुमारास पार्व्हो गाठतो. हा विषाणू फरशीवर, पिंजऱ्यावर महिनोन् महिने टिकतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे विकत घेतल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू खाणं सोडतं, उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते. विक्रेता सांगतो, ‘हमारे यहाँ तो एकदम ठीक था.’ तो खोटं बोलत नसेलही. पण आजार त्याच्याच फरशीवरून आलेला असू शकतो.

हौस आणि हवामान

२००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे एक पग चालला आणि मराठी घरांतही त्या जातीला ‘हचचा कुत्रा’ असंच नाव पडलं. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक दबलेलं, नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांब. त्याला धापही पुरती टाकता येत नाही. आपण कौतुकाने ऐकतो ते घोरणं म्हणजे त्याची हवेसाठीची झटापट असते. बाजारात ‘पंच फेस’ला जास्त भाव, म्हणजे जितका श्वास कोंडलेला तितकी किंमत जास्त. नेदरलँड्सने २०१९ पासून फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध लावले. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात पग आणि हस्की दोन्ही खपतात. दुहेरी केसांचा हस्की एसीच्या खोलीत दिवस काढतो आणि वीज गेली की कासावीस होतो.

बंदीचा सोपा रस्ता

२०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलने जीव घेतला, गाझियाबादेत बागेत खेळणाऱ्या मुलाचा चेहरा पिटबुलने फाडला. त्या ऑक्टोबरात गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जाती आणि त्यांचे संकर यांची विक्री व पैदास थांबवायला सांगितलं. यादी इतक्या घाईत केलेली होती, की टोसा दोन नावांनी आला आणि ‘टेरियर’ हा अख्खा गट सरसकट आत गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १६ एप्रिलला हे परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐका आणि मग ठरवा, असं दिल्लीच्या न्यायालयाने सांगितलं.

कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईबापांना जातीची चर्चा नको असते, हे समजण्यासारखं आहे. पण नुसत्या नावावर बंदी घालून प्रश्न सुटत नाही. संकराची जात दिसण्यावरून ओळखणं जाणकारांनाही नीट जमत नाही, हे अभ्यासांत दिसून आलंय. पिल्लाचा स्वभाव घडण्याचा काळ तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा. तो काळ आईभावंडांविना पिंजऱ्यात गेला, आईबाप मुद्दाम तापट निवडलेले असले आणि घरी साखळीच नशिबी आली, तर त्या कुत्र्याचं नाव यादीत आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. शिवाय बंदी आली की पहिला बळी जातो तो पाळलेल्या कुत्र्याचा. दंडाच्या भीतीने मालक त्याला रात्री कुठेतरी सोडून येतो.

डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचं फ्रेंडिकोज किंवा राजा गार्डनचं संजय गांधी केंद्र अशा संस्थांच्या दारात असे जीव येऊन पडतात. पैदाशीतून टाकून दिलेली मादी अनुभवी माणूस लांबूनच ओळखतो. सड लोंबलेले, कोपरांवर सिमेंटच्या फरशीने पडलेले घट्टे, न चालल्यामुळे आत वळलेली नखं, पोटावर शस्त्रक्रियेच्या जुन्या खुणा. वय पाच-सहा वर्षांचं, दिसायला दहाची.

पैदास म्हणजे पाप, असं माझं म्हणणं नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी शिकारी कुत्र्याची एक देशी जात जोपासली, तिला आज जगात नाव आहे. मराठवाड्यातल्या कारवानीनेही आपल्या रानात स्वतःला सिद्ध केलंय. कामाला, हवामानाला आणि प्रकृतीला धरून केलेली निवड वेगळी आणि फोटोला धरून केलेली वेगळी. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशी जाती पाळण्याचं आवाहन केलं, ते चांगलंच झालं. पण उद्या फॅशन म्हणून मुधोळची पिल्लंही बरसातीत निघू लागली तर त्यांचंही हेच होईल.

दंडाची रक्कम वाढायला हवी, आणि ब्रीडरच्या नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात दिसता कामा नये. ते होईल तेव्हा होईल. तोवर या धंद्याचा खरा निरीक्षक गिऱ्हाईकच आहे, आणि दिल्लीत जे खरं तेच पुण्या-मुंबईत आणि नागपुरातही खरं आहे. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा ते जिथे जन्मलं तिथे जा; पार्किंगमध्ये किंवा मेट्रो स्टेशनबाहेर ‘डिलिव्हरी’ घेऊ नका. राज्य मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारा. आठ आठवडे पुरे झालेत का ते पाहा. आणि पिल्लाला हात लावायच्या आधी आई दाखवायला सांगा : तिचं वय, तिची वेतं, तिची प्रकृती, तिचा स्वभाव. ‘आई गावाला आहे’, ‘आई दुसऱ्या घरी आहे’ असं उत्तर आलं, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असो, पैसे न देता परत या. दया येऊन एक पिल्लू ‘सोडवून’ आणलंत, तर त्याच्या आईला पुढच्या माजाला पुन्हा नर लावला जाईल.