एकवीस आकडी संख्येचा ताळा

आम्ही कारकुनी करणारी माणसे. रकान्याची बेरीज वरून खाली केली, की खालून वर पुन्हा करतो. बेरीज साहेबांनी केलेली असली तरी करतो. गणिताच्या इतिहासातही अशीच एक पडताळणी आहे. ती घरातील मुलामुलींना जरूर सांगावी.

२ हा आकडा ६७ वेळा मांडून सर्वांचा गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा. उत्तर येते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही मूळ संख्या आहे काय? म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच तिला पूर्ण भाग जात नाही काय?

लहान उदाहरणे घेऊ. २ तीन वेळा मांडला तर याच रीतीने ७ येतात, पाच वेळा ३१, सात वेळा १२७. तिन्ही मूळ संख्या. पण अकरा वेळा मांडला की येतात २०४७, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २०४७! तीनदा जमले म्हणून पुढेही जमेलच असे नाही.

फ्रान्समधील मर्सेन या विद्वान ख्रिस्ती साधूने १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी दिली. तीत आपली एकवीस आकडी संख्या होती. १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे दाखवले. पण तिचे अवयव कोणते, हे त्यालाही सांगता आले नाही.

ते सापडले १९०३ साली. न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल या प्राध्यापकाने ते मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसला, असे सांगतात. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्याने पुढे सांगितल्याचीही आठवण आहे.

आता नऊचा ताळा घरीच करा. पहिल्या अवयवातील अंकांची बेरीज ३७. ३ आणि ७ मिळून १०, म्हणजे १. दुसऱ्याची बेरीज ६४. तिचेही शेवटी १. एक गुणिले एक बरोबर एक. मोठ्या संख्येतील अंकांची बेरीज १०९, तिचेही १. ताळा जुळला! अर्थात ताळा जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. न जुळला तर चूक नक्की, एवढेच. खात्रीसाठी पूर्ण गुणाकारच हवा. तो कागद-पेन्सिलीने तासाभरात होतो.

गुणाकार तासाभराचा, पण अवयव शोधायला वर्षे लागली. याच अवघडपणावर आज संगणकावरील गुप्त व्यवहारांची एक महत्त्वाची पद्धत उभी आहे.

यादीतील चूक ल्यूकाने आधीच दाखवली होती; कोलच्या एका गुणाकाराने ती कोणालाही पडताळून पाहता येईल अशी झाली. तेव्हा मुलांकडून पाढे पाठ करून घेताना ताळाही शिकवावा. पगाराची पावती असो की पतपेढीचे व्याज, हिशेब मोठ्या माणसाने केला म्हणून बरोबर ठरत नाही. तो जुळला तरच बरोबर.