खोडरबर नसलेली वही

ॲडमिशनचे दिवस आठवतात? मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, त्यावर ट्रू कॉपीचा शिक्का. सेनगावहून या नाहीतर वसमतहून, हिंगोलीच्या रांगेत आपण सगळेच उभे राहिलोय. एवढं करून दाखला खरा की खोटा, हे तपासायला पुन्हा वेगळे हेलपाटे!

हे तपासणं सोपं करायचा प्रयत्न आपल्याच राज्यात झालाय. २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने प्रमाणपत्रांसाठी ईथरियम ही ब्लॉकचेन वापरायचं ठरवलं. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडायचं काम हाती घेतलं गेलं. दोन्हीकडे यंत्रणा होती ‘लेजिटडॉक’.

घरी शेती असेल तर ब्लॉकचेन तुम्हाला अर्धी कळलेलीच आहे. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव व्हाइटनर लावून कुणी पुसतं का? त्याला कंस होतो, फेरफार नंबर पडतो आणि वारसाचं नाव लागतं. जुनं तसंच राहतं, नवं त्यात भरत जातं. ब्लॉकचेनचंही तेच. फक्त ही वही एका दप्तरात नसते, तिच्या प्रती हजारो कॉम्प्युटरवर असतात. आणि नोंद कुणी, कधी, कशी करायची याचे नियम कोड बनून त्या वहीतच बसलेले असतात. तेच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट.

आता त्याच्याशी बोलायचं कसं? बरेच जण त्यासाठी जावास्क्रिप्ट वापरतात. पण ‘फंक्शनल’ भाषांचा रस्ता जरा बघाच. मी मासकॉमची, कोडिंग माझा प्रांत नाही. तरी हे मला पटलं, कारण यात गणित शाळेतलंच आहे. वर्गाच्या फंक्शनला ३ दिले की ९ मिळतात. आज द्या, उद्या द्या, ९च. आणि दिलेला ३ काही बदलत नाही. फंक्शनल भाषेत नवी किंमत हवी तर नवी तयार करा, जुनीला हात लावायचा नाही. फेरफारासारखंच की!

ब्राझीलच्या जोसे वालिम यांनी बनवलेली एलिक्सिर ही अशीच एक भाषा. तिच्यात ‘ईथर्स’ नावाची लायब्ररी आहे. तिला कॉन्ट्रॅक्टचा एबीआय द्यायचा. एबीआय म्हणजे कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज चालतो, त्यात कोणते रकाने, याची यादी. लायब्ररी त्यावरून एलिक्सिरची फंक्शन्स तयार करून देते. गंमत पुढे आहे. त्यातलं एखादं फंक्शन चालवलं, तरी ब्लॉकचेनवर काहीच घडत नाही! तुमच्या हातात येतो फक्त भरलेला अर्ज. त्यात पहिल्या ४ बाइटमध्ये कोणतं फंक्शन हवंय ते, आणि पुढे ३२-३२ बाइटच्या रकान्यांत तुमची माहिती.

आता त्या अर्जाचं काय करायचं, ते तुम्ही वेगळं सांगायचं. नुसतं वाचायचं असेल तर ‘कॉल’. दाखल्याची नोंद आहे का, एवढंच विचारायचंय. त्याला ना सही लागते, ना गॅस म्हणजे फी. वहीत लिहायचं असेल तर ‘सेंड ट्रान्झॅक्शन’. इथे तुमच्या खासगी किल्लीने सही होते, फी कापली जाते, आणि व्यवहार मध्येच फसला तरी वापरलेला गॅस परत मिळत नाही. लगेच हातात पडतो तो ट्रान्झॅक्शन हॅश. पण सेतू केंद्राची पोचपावती म्हणजे दाखला नव्हे, तसंच हे. ब्लॉकमध्ये नोंद गेल्यावरच काम झालं म्हणायचं.

हॅस्केल ही भाषा याबाबत आणखी कडक. नुसता हिशेब करणारं फंक्शन आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारं फंक्शन यांचे टाइपच वेगळे. गुपचूप पैसे पाठवणारा ‘साधा हिशेब’ कंपायलर सहसा खपवून घेत नाही.

एवढं सोवळं कशाला? १७ जून २०१६ आठवा. ईथरियमवरच्या ‘द डाओ’ या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख ईथर निघून गेले. पैसे आधी पाठवले जायचे आणि खात्यातून वजा नंतर व्हायचे, ही चूक. त्या मधल्या फटीत हल्लेखोराने पुन:पुन्हा पैसे मागितले आणि कॉन्ट्रॅक्ट देत राहिलं. ही चूक कॉन्ट्रॅक्टच्या आतली. बाहेरून बोलणारी तुमची भाषा ती दुरुस्त करू शकत नाही. पण आधी हिशेब, मग व्यवहार ही सवय मात्र लावू शकते.

आणि एक गोष्ट कोणतीच भाषा करू शकत नाही. दाखल्यावर आडनाव चुकीचं छापलं आणि तसंच चेनवर गेलं, तर ती चूकही तितकीच पक्की होते. दाखला नंतर बदलला नाही, एवढीच हमी ब्लॉकचेन देते. तो देताना खरं लिहिलं होतं का, हे तिला कुठून कळणार? ते टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात. म्हणून कुणी ‘ब्लॉकचेनवर आहे म्हणजे खरंच आहे’ म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा: लिहिलं कुणी? दुसरा: चुकलं तर दुरुस्तीची नोंद कशी होणार?

करून बघायचंय? लॅपटॉपवर एलिक्सिर टाका, सुरुवातीला खरे पैसे लावूच नका. सेपोलिया नावाचं टेस्ट नेटवर्क आहे, तिथल्या ईथरला बाजारभाव नाही. पहिला आठवडा फक्त ‘कॉल’ करा, वाचत राहा. खासगी किल्ली कोडमध्ये लिहून मित्राला पाठवू नका. ती ज्याच्या हाती, सही त्याची. मग एक दिवस ‘सेंड’ करा.

त्याआधी अर्ज एकदा नीट वाचा. सेतूच्या खिडकीवर आपण वाचतो तसा, नावाची वेलांटीसुद्धा तपासून!