पेटीतला वेताळ कधी विकावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ गेला. त्यानंतर दीड महिन्यानं वहिनींचा फोन आला. "वन्सं, रद्दीवाला आलाय. ह्यांच्या त्या पत्र्याच्या पेटीचं काय करू?" मी गिरगावात पोचेपर्यंत रद्दीवाल्यानं पेटी रिकामी करून गठ्ठे काट्यावर चढवले होते. अठरा किलो भरले. पंधरा रुपये किलोनं २७० रुपये झाले. सगळ्यात वरच्या अंकावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला मुखवट्यातला वेताळ होता. मी रद्दीवाल्याला चहापाण्याचे पैसे दिले, त्याची समजूत घातली आणि गठ्ठे परत पेटीत ठेवले.

ती दादाची इंद्रजाल कॉमिक्स होती. एकूण ३१२ अंक. शाळेत जायला मिळणारे बसचे पैसे वाचवून, पायी जाऊन त्यानं ती घेतली होती. मला हात धुतल्याशिवाय त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. त्या दिवशी पेटी वाचली, पण प्रश्न सुटला नाही. पेटी ठेवायची की विकायची? विकायची तर कधी? आज विकली तर स्वस्तात गेली असं वाटणार नाही का? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की मला जे कळलं ते आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आधी थोडं या अंकांविषयी. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिल्या अंकातच वेताळ होता. ली फॉक या अमेरिकन लेखकानं वेताळ जन्माला घातला १९३६ साली आणि जादूगार मँड्रेक त्याच्याही दोन वर्षं आधी. आपल्याकडे ही मंडळी इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती अशा भाषांतून बोलू लागली. १९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालणारा आपल्या मातीतला नायक. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं.

आता तुम्ही म्हणाल, हजारोंनी छापलेला पोरांचा अंक दुर्मीळ कसा होतो? याचं उत्तर आपल्या लहानपणातच आहे. एक अंक सगळ्या चाळीत फिरायचा. वाचनालयवाला त्याला दाभणानं टाके घालायचा, वर रबरी शिक्का मारायचा. मुलं कोडी पेन्सिलनं सोडवायची, मिश्या काढायची. मे महिना संपला की आई सगळं रद्दीत घालायची. म्हणजे वस्तू दुर्मीळ होते ती कमी छापली म्हणूनच असं नाही. कुणी जपली नाही म्हणूनही ती दुर्मीळ होते.

याचा चांगला पुरावा अमेरिकेत सापडतो, कारण जुन्या कॉमिक्सचा बाजार तिथं सर्वांत मोठा आहे. तिथल्या एकाच नायकाचे दोन अंक पाहा. सुपरमॅनच्या स्वतःच्या नावाचा पहिला अंक १९३९ साली निघाला, किंमत दहा सेंट. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन भावांना आईच्या निधनानंतर माळा आवरताना, जुन्या वर्तमानपत्रांखाली, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात तो मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात त्याला ९१ लाख २० हजार डॉलर आले. दुसरा अंक १९९२ सालचा, सुपरमॅनच्या मृत्यूचा. तो लाखो लोकांनी विकत घेतला, कित्येकांनी दोन-दोन, चार-चार प्रती घेतल्या आणि पिशवीही न फोडता ठेवून दिल्या. यावर मुलांचं शिक्षण होईल अशी आशा होती. सगळ्यांनीच जपला, त्यामुळे आजही तो सहज मिळतो आणि त्याला फारसा भाव नाही. विकत घेताना जो अंक 'पुढं मोलाचा होईल' म्हणून घेतला जातो, तो बहुधा होत नाही.

पण त्या माळ्यावरच्या अंकाची दुसरी बाजूही आहे. तो दहापैकी नऊ गुणांचा निघाला. म्हणजे पंच्याऐंशी वर्षांनंतरही जवळपास कोरा. लिलाव करणाऱ्यांनी त्याचं श्रेय उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेला दिलं. आता आपला माळा डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, जूनपासून भिंतींना ओल येते. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. ऊन आणि उष्णता लागली की तो पिवळा पडतो, आम्ल वाढतं, कडा बिस्किटासारख्या मोडतात. मधल्या पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. शिवाय कसर आणि वाळवी आहेतच.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. मी ते पेटीकडून शिकले. 'भाव वाढेल, थांबू या' असं मीच वहिनींना सांगितलं होतं. पेटी गॅलरीच्या भिंतीला टेकून राहिली. पावसाळा गेल्यावर उघडली तर तळाचा थर एकमेकांना चिकटून वीट झाला होता. ३८ अंक गेले. आणि तळाला कोणते अंक असणार? दादानं सर्वांत आधी घेतलेले, म्हणजे सर्वांत जुने. ज्यांच्यासाठी थांबलो होतो, तेच गेले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती वीट फडक्यात बांधून ठेवली.

त्या दिवशी मला उमगलं की 'कधी विकावं' या प्रश्नाकडे आपण चुकीच्या बाजूनं बघतो. आपण भावाकडे बघत बसतो आणि भाव तर आपल्या हातात नसतो. खरी वेळ ठरते ती तीन गोष्टींवरून: कागद किती टिकेल, घेणारा किती दिवस आहे आणि आपण स्वतः किती दिवस आहोत.

कागदाचं सांगितलं. घेणाऱ्याचं असं, की जुन्या कॉमिकला पैसे मोजणारा माणूस चित्रासाठी मोजत नाही, स्वतःच्या दहाव्या वर्षासाठी मोजतो. १९७० साली जो दहा वर्षांचा होता, तो आज पासष्टीच्या पुढे आहे. त्याच्या हातात आज निवृत्तीचा पैसा आहे, वेळ आहे, आणि 'तो एक अंक राहिलाच' ही हुरहुर आहे. पण हीच पिढी आता घरं लहान करते आहे, मुलांकडे राहायला जाते आहे. तिचे स्वतःचे संग्रहही हळूहळू बाहेर पडणार. विकणारे वाढले आणि घेणारे घटले की काय होतं, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको. मोजके अगदी जुने अंक तेव्हाही भाव धरतील. बाकीच्यांची खात्री देता येत नाही. मराठी अंकांना तर हे अधिकच लागू पडतं. ते वाचणारा गिऱ्हाईक मराठीच असणार, सगळ्या देशातून येणार नाही.

तिसरी गोष्ट आपण स्वतः. कोणता अंक पहिल्या छपाईचा, कोणती गोष्ट तीन अंकांत मिळून पुरी होते, कोणत्या अंकाचं मुखपृष्ठ मागाहून चिकटवलंय, हे दादाला तोंडपाठ होतं. त्यानं ते कुठंही लिहून ठेवलं नाही. तो गेला आणि संग्रहाचं अर्धं मोल त्याच्याबरोबर गेलं. उरले अठरा किलो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की विका किंवा विकू नका, पण यादी आजच करा. अंकाचा क्रमांक, भाषा, महिना-वर्ष, छापील किंमत, पिना, मुखपृष्ठ, फाटलेलं, लिहिलेलं, सगळं प्रामाणिकपणे टिपा. अमर चित्रकथांचं वेगळं बघावं लागतं. अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेली ती मालिका आजही छापली जाते. त्यामुळे तिथं नुसतं शीर्षक बघून चालत नाही, जुनी छपाई आहे का हे पाहावं लागतं.

दुसरं सांगणं, डागडुजी करू नका. फाटलेल्या मुखपृष्ठाला मी प्रेमानं चिकटपट्टी लावली होती. ती पट्टी काही वर्षांत तपकिरी डाग सोडते आणि निघता निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा.

तिसरं, विकायचं ठरलं तर आधी जोड्या विका. एकाच अंकाच्या दोन प्रती असतात, त्यातली कमी चांगली. आमच्याकडे अशा २२ निघाल्या. त्या विकताना बाजार कळतो आणि चूक झाली तरी ती लहानच असते. दोन-तीन गिऱ्हाइकांना विचारा. कुणी काय भाव मागितलाय याला अर्थ नाही, प्रत्यक्ष कितीला गेलं ते विचारा. 'सगळं सरसकट द्या' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा त्यातल्या पाच-दहा अंकांसाठीच आलेला असतो. रक्कम मोठी असेल तर कराचं आधी सल्लागाराला विचारा.

आणि कधी विकू नये? घरात मृत्यू झाल्यावर पहिल्या वर्षात नको. भांडणात नको. उद्या पैसे हवेत म्हणून तर नकोच, कारण घाईच्या माणसाचा चेहरा गिऱ्हाइकाला दुरून ओळखू येतो. घरातल्या मुलांना आधी स्पष्ट विचारा. "तुम्हाला हवंय का?" असं नको, त्याला मुलं भिडेखातर हो म्हणतात. "तुम्ही हे कुठं ठेवाल?" असं विचारा.

मी माझ्या भाचीला तसंच विचारलं. तिचं घर दोन खोल्यांचं. ती म्हणाली, "आत्या, सगळे नकोत. बाबांच्या अक्षरात नाव असलेला एक दे." एका अंकाच्या आतल्या पानावर दादानं शाईनं नाव, इयत्ता पाचवी 'ब' आणि खाली 'हरवल्यास परत आणून द्यावे' असं लिहिलं होतं. विकायच्या दृष्टीनं तो अंक बिघडलेला. तिच्या दृष्टीनं तोच एक मोलाचा.

एकूण बारा अंक आम्ही ठेवले, २४० विकले. त्यातले बरेचसे सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी घेतले. ते हातात वहीत लिहिलेली यादी घेऊन आले होते. पाच तास बसले, एकेक अंक उघडून पाहिला, आणि मला न विचारता आधी हात धुऊन आले. तेवढ्यावरून वहिनींनी ठरवलं, की द्यायचे तर यांनाच. दुसऱ्या एकानं थोडे जास्त देऊ केले होते, पण ते आम्ही घेतले नाहीत. याला व्यवहार म्हणा किंवा म्हणू नका.

भाव यापुढे वाढेलही. वाढला तर त्या शिक्षकांचं भलं होईल. मला खंत आहे ती त्या ३८ अंकांची. ते आम्ही विकले नाहीत आणि ठेवलेही नाहीत, नुसतेच थांबलो. तुमच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर या पावसाळ्याआधी ती खाली काढा. विकायचं की ठेवायचं ते नंतर ठरवता येईल.